सहावा झेंडा

“शिट्टी का वाजत नाही, बाबा?”

शलाकाने हे तिसऱ्यांदा विचारलं. लहानूबाबा अंगणातल्या दगडावर बसून बुटाची नाडी आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“शिट्टी कधी वाजवायची म्हणून सांगितलं होतंस?”

“हरवलात तर वाजवा म्हणून.”

“मग हरवल्या नसतील.”

शलाकाच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. चार पोरी दीड तास झाला बेपत्ता, समोर धरलेला हात दिसू नये असं धुकं उतरलेलं, आणि या म्हाताऱ्याला कोडी सुचतायत! तिला ओरडावंसं वाटलं. पण बाबांवर आजवर कुणी ओरडलं नव्हतं, आणि तिच्या घशात तेवढा आवाजही उरला नव्हता.

आता हे बाबा कोण आणि ही शलाका कोण, ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हीही धुक्यातच राहाल.

लहानूबाबा बांडे हे भूमापन खात्यातले साखळीवाले. साहेब दुर्बिणीला डोळा लावून सावलीत उभा राहायचा आणि बाबा मोजणीची लोखंडी साखळी ओढत डोंगर चढायचे. असं तेहतीस वर्षं चाललं. साहेब बदलत गेले, साखळी ओढणारा तोच राहिला. निवृत्त झाल्यावर अकोले तालुक्यातल्या घाटमाथ्यावर शाळांच्या सहलींसाठी एक शिबिर केंद्र निघालं, त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. केंद्राच्या रानाचा नकाशा बाबांनी पावलं मोजून स्वतःच्या हाताने काढला. तिथं शिकवायला येणारी तरणी मंडळी त्यांच्याकडूनच रान शिकत.

शलाका रहाळकर नाशिकची. वय सत्तावीस. डोंगर चढण्याचे दोन कोर्स केलेली, आणि हुशार. आपण हुशार आहोत हे तिलाही ठाऊक होतं, तिथंच तर सगळी गोम होती.

खेळाचं नाव ओरिएंटियरिंग. कागदोपत्री तसं लिहितात, केंद्रावर मात्र सगळे ‘झेंडे’ म्हणतात. रानात आठ ठिकाणी रुमालाएवढे नारिंगी-पांढरे झेंडे बांधायचे. मुलांचे चौघाचौघांचे गट करायचे. दर गटाला एक नकाशा, एक होकायंत्र, एक कार्ड आणि एक शिट्टी. झेंड्याला चिमटा टांगलेला असतो, त्याने कार्डाला भोक पाडायचं आणि पुढच्या झेंड्याकडे निघायचं. वाट ज्याची त्याने शोधायची. आठ भोकं पडली की अंगणात परत.

पोरांना यात भारी मजा येते. झेंडे बांधणाऱ्याला मात्र शेवटचा गट परतेपर्यंत जिवाचा कान करून बसावं लागतं.

बाबांचा एक दंडक होता. आठवा झेंडा बांधला की लगेच घरचा रस्ता धरायचा नाही. नकाशा हातात घ्यायचा आणि उलटं निघायचं, आठवरून सातवर, सातवरून सहावर, थेट पहिल्यापर्यंत, आणि प्रत्येक झेंड्याला हात लावून यायचं. याला केंद्रावर उलट फेरी म्हणत. साखळी जाताना एकदा टाकायची, येताना एकदा टाकायची, आणि दोन्ही मापं जुळली तरच साहेबाने वहीत लिहायचं, ही त्यांची जन्माची सवय. तीच त्यांनी झेंड्यांना लावली होती.

शलाकाने दोन वर्षं ही फेरी इमानेइतबारे केली. दोन वर्षांत तिचा एकही झेंडा चुकला नाही. मग फेरी तिला जाचायला लागली. रोज सकाळी पाटीवर बाराखडी गिरवायला बसवावं, तसा तो प्रकार वाटायला लागला.

बाबांची आणखी एक ख्याती होती. ते बूट वाचत. पोरं परत आली की हा माणूस त्यांच्या बुटांकडे बघायचा आणि सांगायचा, तुम्ही ओहोळात खेळत बसलात, तुम्ही देवराईत चिक्की खाल्लीत, आणि तुम्ही बाळांनो तिसऱ्या झेंड्याकडे फिरकलाच नाहीत, भोक दुसऱ्याच चिमट्याने पाडलंय. कुठली माती लाल, कुठली काळी, कुठलं गवताचं कुसळ कुठल्या उतारावर, सगळं तोंडपाठ. पोरं त्यांना टरकून असत. शिकवणारे त्याहून जास्त.

त्या दिवशी संगमनेरहून मुलींची शाळा आली होती. सातवीच्या चोवीस मुली, म्हणजे सहा गट. सप्टेंबर सरत आलेला. पहाटे पाऊस पडून गेला होता आणि धुकं होतं. शलाका साडेपाचला निघाली, आठही झेंडे बांधले आणि मधल्या पायवाटेने सव्वासातला सरळ केंद्रावर येऊन चहा घेऊन बसली.

बाबा आले. “उलट फेरी झाली?”

“हो,” शलाका म्हणाली.

पहिला झेंडा भाताच्या खाचराशी असतो. उलट फेरी तिथं संपते, म्हणून फेरी करून आलेल्याच्या बुटांवर सगळ्यात वर काळा चिखल असतो. शलाकाच्या बुटांवर वर मधल्या पायवाटेची लाल माती होती. तिने हळूच पाय बाकाखाली ओढून घेतले. पण बाबांनी खाली बघितलंच नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली आणि गेले.

थकला आता म्हातारा, असं तिच्या मनात आलं. चहा तिला गोड लागला.

नऊ वाजता धुकं उठलं, लख्ख ऊन पडलं. शलाकाने मुलींना अंगणात बसवून नियम सांगितले. नकाशा कसा धरायचा, ओहोळ कसे मोजायचे, आणि कड्याजवळच्या पिवळ्या दोरीपलीकडे पाऊल का टाकायचं नाही. दोरीच्या पुढे पंधरा पावलं जमीन आहे, मग हजार फूट काहीच नाही. हे सांगताना मुली गप्प झाल्या. मग त्यांना धीर द्यावा म्हणून म्हणा, की स्वतःचा तोरा म्हणून म्हणा, ती छाती काढून म्हणाली, “झेंडा कधीच चुकत नाही. सापडला नाही, तर चुकलात तुम्ही. मग लाजायचं नाही. शिट्टी वाजवायची.”

साडेअकरापर्यंत पाच गट परत आले. तोवर दरीतून धुकं पुन्हा वर चढलं होतं. सहावा गट आला नाही.

बारा वाजले. साडेबारा वाजले. एक वाजला.

शाळेच्या आहेरबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी विचारलं, थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, आणि आता त्या विचारेनाशा झाल्या होत्या. ते शलाकाला जास्त भयंकर वाटत होतं. केंद्रावरचे बाकीचे दोघं गाडीरस्त्याच्या अंगाला शोधायला गेले होते, त्यांचा काही पत्ता नव्हता.

पाचही गटांच्या कार्डांवर आठ-आठ भोकं होती. म्हणजे झेंडे सगळे सापडत होते. म्हणजे चूक पोरींचीच. शलाका हे मनात घोकत होती, आणि घोकताना कार्डं पुन्हा पुन्हा मोजत होती.

बाबांची नाडी बांधून झाली. ते उठले.

“चल,” ते म्हणाले.

*

धुक्यात चालणं वाईट. पायाखालची दोन हात जमीन तेवढी आपली, बाकी सगळं गेलेलं असतं. बाबा पुढे होते. त्यांची पाठ दिसायची, मग नाही दिसायची, मग पुन्हा दिसायची. नाही दिसली की शलाका पळत दोन पावलं पुढे जायची.

ती बोलत राहिली. बोलणं थांबलं तर दुसरंच काहीतरी ऐकू येईल, अशी तिला भीती वाटत होती. होकायंत्र उलटं लावलं असेल, ती म्हणाली. काट्याचं लाल टोक भलत्याच अंगाला लावून पोरं खुशाल उलट्या दिशेने चालत सुटतात, दर शिबिरात एक तरी गट असतोच. नाहीतर नकाशा उलटा धरला असेल. नाहीतर चौथ्यावरून पाचव्याला जायच्या ऐवजी सातव्याला गेल्या असतील. बाबा चालत राहिले.

तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारायला श्वास घेतला.

बाबांनी मागे वळून तिचे हात खाली ओढले.

“हाक नको.”

“का?”

“हाक दरीपलीकडच्या सुळक्यावर आपटते. पोरांना ती तिकडून ऐकू येते. पोरं हाकेकडे धावतात.”

तिकडून म्हणजे कुठून, हे तिला विचारावं लागलं नाही. दुपारपासून अंगणात उभी राहून तिने किती हाका मारल्या होत्या, ते तिला आठवलं.

तिने हात खिशात घातले आणि बाबांच्या मागोमाग पाय उचलला.

पाचवा झेंडा एका उभ्या दगडाला बांधलेला होता, तो जागेवर होता. बाबा खाली वाकले. पायवाट चांगली तुडवलेली होती, पाच गट त्या वाटेने गेले होते. पण एका बाजूला गवत आडवं झालं होतं. चार जणींचा माग पायवाट सोडून सरळ रानात शिरला होता.

“या पायवाटेने नाही गेल्या,” बाबा म्हणाले. “होकायंत्र धरून सरळ गेल्या.”

ते दोघं त्या मागावर निघाले. पन्नास पावलांवर कातळ लागला आणि माग संपला. ओल्या काळ्या दगडावर काय उमटणार? बाबा बराच वेळ उभे राहिले. शलाका पुन्हा पुटपुटायला लागली की इथून त्या नक्की डावीकडे भरकटल्या असणार, पोरं कातळावर आली की डावीकडेच...

“आणि नसतील चुकल्या तर?” बाबा म्हणाले.

“म्हणजे?”

बाबा पायवाटेकडे वळले होते. ती त्यांच्यामागे धावली.

सहाव्या झेंड्याची जागा नकाशावर अशी होती: तिसरा ओहोळ, अलीकडचा काठ, जांभळाचं झाड. पायवाटेने पहिला ओहोळ लागला. त्यानंतर काही अंतरावर नुसती ओली वाळू आणि चार गोटे लागले, ते ओलांडून दोघं पुढे गेले. मग आणखी एक ओहोळ, त्याच्या काठावर जांभूळ, आणि जांभळाला सहावा झेंडा. पायवाटेवरूनच त्याचा नारिंगी रंग दिसत होता.

बाबा न थांबता पुढे गेले. शलाका थांबली.

ते गोटे तिच्या डोक्यात अडकले होते.

सकाळी तिथं पाणी होतं. घोट्याएवढं, खळखळ वाहणारं. पहाटेच्या पावसाचं पाणी, दोन तासांत वाहून गेलेलं. सकाळच्या धुक्यात तिने ते ओलांडलं होतं आणि मनात म्हटलं होतं, दोन. मग हा आला तेव्हा म्हटलं होतं, तीन. जांभूळही होतं. बांधला झेंडा.

हा दुसरा ओहोळ होता.

पाच गट पायवाटेने आले, त्यांना नारिंगी रंग दिसला, त्यांनी भोक पाडलं आणि गेले. ओहोळ कुणी मोजलेच नव्हते. ज्या चौघींनी मोजले, त्या रानातून सरळ तिसऱ्या ओहोळावर उतरल्या असणार. तिथं जांभूळ आहे, पण झेंडा नाही. तिथून कडा फार लांब नाही. आणि झेंडा सापडला नाही तर चुकलात तुम्ही, असं त्यांना सांगून ठेवलेलं होतं. आपण चुकलो असं वाटलेलं पोर काय करतं? पुढे शोधत जातं.

तिने जांभळाला धरलं.

बाबा दहा पावलं पुढे होते, नुसती सावली दिसत होती. तिने झेंडा सोडला. घाईघाईने, चिमट्यासकट, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबला.

वाईट काही झालंच असेल, तर झेंडा इथं होता हे निदान कुणाला कळणार नाही.

हा विचार आपल्याच डोक्यात आला याची तिला भयंकर भीती वाटली. धुक्यापेक्षा, कड्यापेक्षाही जास्त. पण झेंडा तिने परत बांधला नाही. ती बाबांच्या मागे गेली. बाबांनी जाताना तो बघितला होता की नाही, देव जाणे.

*

तिसऱ्या ओहोळाशी पायवाट ओहोळ न ओलांडता सातव्या झेंड्याकडे वळते. बाबा वळले नाहीत. जांभूळ काठाने वर, धुक्यात होतं; पण गवत खालच्या अंगाला दबलेलं होतं, म्हणून ते काठाने खाली उतरले आणि एका जागी गुडघ्यावर बसले.

चिखलात बुटाचा ठसा होता. लहान बूट, ताजा ठसा. ओहोळाच्या पलीकडच्या काठावर दुसरा होता.

“एकटीच गेलीये,” बाबा म्हणाले.

शलाकाने तोंडावर हात दाबून धरला. ते दोघं ओहोळ ओलांडून त्या ठशांवर चालायला लागले. पन्नास पावलं. सत्तर. वारा बदलला, खालून यायला लागला. खालून वारा येतो तेव्हा दरी जवळ असते, हे तिला बाबांनीच शिकवलेलं होतं.

पिवळी दोरी दिसली. ठसे दोरीपर्यंत गेले होते. दोरीखालचं गवत दबलं होतं, कुणीतरी वाकून पलीकडे गेलं होतं.

पलीकडे नुसतं पांढरं होतं.

“इथंच थांब,” बाबा म्हणाले. ते पोटावर आडवे झाले, दोरीखालून सरपटत गेले, आधी डोकं नाहीसं झालं, मग पाठ, मग ते आवळून बांधलेले बूट.

शलाका दोरी धरून उभी राहिली. तिने सप्तशृंगीला हात जोडले. काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच कळलं नाही. नोकरी सोडीन म्हणाली, पुन्हा डोंगराचं तोंड बघणार नाही म्हणाली, माझं काय व्हायचं ते होऊ दे पण त्या पोरीला काही व्हायला नको म्हणाली. खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

“परत आलीये,” धुक्यातून बाबांचा आवाज आला. “पार कड्याच्या काठावरून मागे फिरलीये. ठसे खोल आहेत. पळत आलीये.”

शलाका खाली बसली आणि रडली. बाबा सरपटत बाहेर आले, उठले, गुडघे झटकले आणि तिच्यासाठी न थांबता त्या परतीच्या ठशांवर चालू लागले.

ठसे ओहोळ ओलांडून अलीकडे आले. काठाकाठाने वर गेले, आणि जांभळाखाली संपले.

चौघी तिथं होत्या. पाठीला पाठ लावून, हातात हात अडकवून, दोन रेनकोट चौघींवर ओढून घेऊन बसलेल्या. ओठ निळे पडलेले. एकीचे पाय बुटांसकट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. तिच्या मुठीत शिट्टी होती, इतकी घट्ट की बोटं पांढरी झाली होती.

ती तनुजा गुंजाळ, गटाची पुढारी. शलाकाला बघून बाकीच्या तिघींनी गळे काढले. तनुजा रडली नाही. ती उभी राहिली, आणि वर्गात उत्तर द्यावं तसं म्हणाली, “तिसरा ओहोळ, अलीकडचा काठ, जांभूळ. तीनदा मोजलं, ताई. झेंडा नाहीये.”

बाकीच्या हुंदके देत सांगायला लागल्या. आम्ही केव्हाच्या म्हणत होतो शिट्टी वाजव, शिट्टी वाजव, ही वाजवेचना. म्हणे ताईंनी काय सांगितलंय, चुकलात तर वाजवा, आपण कुठं चुकलोय. म्हणून मग झेंडा येईपर्यंत इथंच बसायचं ठरलं. पण झेंडा काही चालत येत नाही. तासभर बसल्यावर हिलाच वाटायला लागलं की झेंडा चुकत नाही तर आपणच चुकलो असणार, तिसरा ओहोळ पुढे असेल. आम्हाला इथं बसवून ही एकटी बघायला गेली. परत आली तेव्हापासून ही अशी थरथरतेय, आणि काय झालं ते सांगत नाही.

तनुजाची हनुवटी आता हलायला लागली होती.

“दोरी ओलांडली मी,” ती म्हणाली. “मला वाटलं झेंडा पलीकडे असेल. पायाखालून एक दगड गेला. त्याचा आवाजच आला नाही, ताई.”

मग तिने जांभळाच्या रिकाम्या फांदीकडे बघितलं.

“आम्ही चुकलो का?”

बाबा थोडे दूर एका गोट्यावर बसले होते. त्यांनी एक बूट काढला, उलटा करून झटकला आणि आत हात घालून खडा शोधायला लागले. शलाकाने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

हो म्हटलं असतं तर प्रश्न मिटत होता. बारा वर्षांची पोर, धुकं, घाबरगुंडी. कुणालाही खरं वाटलं असतं. पोरगी जन्मभर ओहोळ मोजताना स्वतःवर विश्वास ठेवणार नव्हती, एवढंच. सॅकमधला झेंडा शलाकाच्या पाठीला टोचत होता, चिमट्याचं टोक नेमकं कण्यावर.

तिने सॅक उतरवली. झेंडा बाहेर काढला. जांभळाच्या खालच्या फांदीला बांधायला गेली तर गाठ तीनदा सुटली.

“तुम्ही नाही चुकलात,” ती म्हणाली. “तुम्ही बरोबर जागी होतात. मी झेंडा चुकीच्या ओहोळावर बांधला होता.”

तनुजा झेंड्याकडे बघत राहिली. मग शलाकाकडे.

“झेंडा चुकतो?”

“चुकतो.”

मग पोरगी रडली. इतका वेळ साठवलेलं सगळं बाहेर आलं, नाक, डोळे, उचक्या, सगळं. शलाकाने तिला जवळ घेतलं. तिला वाटलं होतं, पोर आपल्याला ढकलून देईल. पोरीने ढकललं नाही. रडून झाल्यावर तिने बाहीने नाक पुसलं, खिशातून कार्ड काढलं, ते पार भिजून लिबलिबीत झालं होतं, आणि चिमट्याने सहाव्या चौकोनात भोक पाडलं. चौघींनी आळीपाळीने ते भोक डोळ्याला लावून बघितलं. त्यातून धुकंच दिसत होतं.

*

चौघींना मधे घेऊन, एकमेकींचे हात धरायला लावून, ते परत आले. पुढे बाबा, मागे शलाका. फाटकाशी आहेरबाईंनी पोरींना एकेक करून चाचपलं, मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग एकीच्या पाठीत धपाटा घालून तिलाच मिठी मारली. शलाकाने बाईंपुढे उभं राहून झेंड्याचं सगळं सांगितलं, काही न वगळता. बाईंनी ऐकून घेतलं. त्यावर त्या काहीच म्हणाल्या नाहीत, पोरींना घेऊन आत गेल्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं, असं शलाकाला वाटलं.

मुलींना गरम दूध मिळालं. आतून त्यांची बडबड ऐकू यायला लागली. तनुजाचा आवाज सगळ्यांत वर होता.

अंगणात दोघंच उरले. बाबा नळाखाली बूट धूत होते. शलाका बाकावर बसली, सकाळी बसली होती तिथंच. बूट तिने या वेळी आत ओढले नाहीत. त्यांच्यावर आता इतका चिखल होता की कुठला कुठला, ते एकट्या बाबांनाच सांगता आलं असतं.

“बाबा.”

पाणी पडत राहिलं.

“सकाळी मी उलट फेरी केली नव्हती.”

बाबांनी नळ बंद केला. बूट उलटा करून पाणी निथळवलं.

तिला वाटलं, आता बोलतील. ते बोलले नाहीत. तिला ते सहन होईना. तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. ती म्हणाली की तुम्ही पोरांचे बूट बघून ती कुठं बसली, काय खाल्लं, सगळं सांगता. माझ्या बुटांवर सकाळी लाल माती होती, वर काळा चिखल नव्हता. मी पाय लपवले. एकदा खाली बघितलं असतंत तरी तुम्हाला कळलं असतं. चोवीस पोरी होत्या, बाबा. ती दोरी ओलांडून गेली होती. तुम्ही का नाही बघितलंत?

बाबांनी दोन्ही बूट भिंतीला टेकवून वाळत ठेवले. टाचा सारख्या केल्या. मग ते वळले आणि सकाळी बघितलं होतं तसंच, तिच्या तोंडाकडे बघितलं.

“तू हो म्हणाली होतीस,” ते म्हणाले. “मग बूट कशाला बघायचे?”